मांडवीच्या मुखापासून मालवणपर्यंत

खानापूर तालुक्यातील सह्याद्रीच्या रानात जी म्हादई म्हणून उगम पावते, तीच गोव्यात उतरून मांडवी होते आणि पणजीला वळसा घालून समुद्राला मिळते. आम्हा बेळगावकरांना या नदीविषयी माहेरच्या माणसासारखी माया आहे. लेक सासरी कशी नांदते आहे हे डोळ्यांनी पाहावे, अशा ओढीने आमच्याकडील माणूस पणजीच्या धक्क्यावर उभा राहतो. पलीकडच्या तीरावर मालिमचा मासेमारीचा धक्का, त्याला लागून बेती, पुढे वेरें, त्यापुढे रेइश मागुशचा किल्ला. आणि अगदी मुखाशी दक्षिणेस काबोचे टोक व उत्तरेस आग्वाद, अशी ही सासरची मंडळी.

आग्वादचे नावच पाण्यावरून पडले आहे. पोर्तुगीज भाषेत ‘आग्वा’ म्हणजे पाणी. १६१२ साली बांधलेल्या या किल्ल्यात गोड्या पाण्याचा प्रचंड साठा असे, व दूरच्या सफरीवरची गलबते येथे पाणी भरून घेत. १८६४ साली येथे दीपगृह उभे राहिले. पुढे याच किल्ल्याच्या तुरुंगात गोव्याच्या मुक्तिसंग्रामातील सैनिकांनी दिवस काढले. त्या तुरुंगाचे २०२१ मध्ये संग्रहालयात रूपांतर झाले. नदीचे मुख दिसावयास विस्तीर्ण असले तरी फसवे आहे. आत वाळूचा दांडा आहे, आणि पावसाळ्यात त्यावर लाटा फुटू लागल्या म्हणजे शहाणा तांडेल तिकडे फिरकत नाही. २००० सालच्या जून महिन्यात ‘रिव्हर प्रिन्सेस’ नावाचे मोठे जहाज याच टोकापलीकडे कांदोळी-सिकेरीच्या किनाऱ्यावर रुतले, ते एका तपाच्या आसपास तेथेच गंजत उभे होते.

मांडवीचे नाव शिडाच्या नौकांशी जोडले गेले आहे, त्याचे श्रेय दिवाडी बेटाला द्यावयास हवे. तेथील रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात नौदलासाठी ‘म्हादई’ बांधली गेली व २००९-१० मध्ये तिच्यातून कमांडर दिलीप दोंदे यांनी एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. असे करणारे ते पहिले भारतीय. २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी यांनी त्याच नौकेतून कोठेही न थांबता तीच प्रदक्षिणा पुरी केली. मागाहून तिचीच बहीण ‘तारिणी’ झाली. तिच्यातून २०१७-१८ मध्ये वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली सहा महिला अधिकारी, आणि २०२४-२५ मध्ये दिलना के. व रूपा ए. या दोघीच जगाला वळसा घालून गोव्यास परतल्या. आमच्या रानातल्या नदीचे नाव असे सातासमुद्रांपार जाऊन आले.

या कीर्तीचा परिणाम पणजीच्या घराघरांतून झाला असल्यास नवल नाही. आमच्या एका स्नेह्यांची लहानशी शिडाची नौका बेतीजवळ नांगरलेली असते. त्यांची एकोणीस वर्षांची कन्या तीन वर्षे ती हाकते आहे. येत्या मोसमात ही नौका एका मैत्रिणीसह आपण मालवणला नेऊ, वडील बरोबर नकोत, असा तिचा आग्रह. आईचा त्याला ठाम विरोध. वडील दोहोंच्या मध्ये. अखेर असे ठरले, की एकदा सर्वांदेखत मालवणची सफर तिनेच करून दाखवावी. वडिलांनी नुसते बसावे, आणि मालिमच्या धक्क्यावर जन्मभर बोटींची इंजिने दुरुस्त केलेल्या मामांनी सोबत असावे. चौथ्या माणसाची जागा आम्हांस मिळाली.

हिवाळ्यात या किनाऱ्यावर पहाटे जमिनीकडून मतलई वारे वाहतात व दुपारपासून खारे वारे सुटतात. हे खारे वारे वायव्येकडून येतात, आणि मालवण आहे सुमारे चाळीस सागरी मैल, जवळजवळ त्याच दिशेला. म्हणजे दिवसाचा उत्तरार्ध नाकासमोरच्या वाऱ्याशी झुंजण्यात जावयाचा. शिडाच्या नौकेला डिझेल इंजिनाची गरज भासते ती अशा वेळी. म्हणून भल्या पहाटे, ओहोटीच्या ओढीबरोबर आम्ही निघालो. नदीत पाणी आरशासारखे होते. इंजिन एका लयीत चालले होते. रेइश मागुशमागे उजाडले. आग्वादचे टोक ओलांडून नौकेने उत्तरेकडे तोंड केले, तेव्हा समुद्राच्या लांब, संथ लाटा तिला अंगावर घेऊ लागल्या.

आणि तेथेच इंजिनाचा सूर बदलला. आधी तो किंचित खाली गेला, मग वर आला, पुन्हा खाली गेला. दोन मिनिटे असे हेलकावे घेऊन इंजिन थांबले. मतलई वारा पडलेला, खारा वारा सुटावयास अवकाश होता. शिडे ओल्या धोतरासारखी लोंबत होती. लाटांचा रेटा किनाऱ्याकडे होता, आणि ‘रिव्हर प्रिन्सेस’ जेथे रुतले ते पाणी डोळ्यांसमोर होते.

स्नेह्यांनी उठण्यासाठी हात टेकले. पण मुलगी तोवर नाळेकडे गेली होती. सात मीटर पाण्यात तिने नांगर सोडला, दोर ताणून पाहिला, किनाऱ्यावरची दोन झाडे एका रेषेत धरली आणि नौका सरकत नाही अशी खात्री झाल्यावरच ती इंजिनाकडे वळली. मामांनी फक्त मान हलविली. आधी नौका सुरक्षित, मग यंत्र, हा क्रम ज्याला कळला त्याला पुढचे शिकविता येते.

डिझेल इंजिनाचे तत्त्व साधे आहे. पेट्रोलच्या इंजिनासारखी त्यात ठिणगी नसते. नुसती हवा सुमारे विसास एक या प्रमाणात दाबली जाते. त्या दाबाने ती इतकी तापते की तीत डिझेलचा बारीक फवारा येताच तो आपोआप पेटतो. रुडॉल्फ डीझेल या जर्मन अभियंत्याने १८९७ साली आउग्सबुर्ग येथे हे इंजिन यशस्वी करून दाखविले. दैवयोग असा की १९१३ च्या सप्टेंबरात इंग्लंडला जाताना तोच रात्री बोटीवरून नाहीसा झाला आणि समुद्राने त्याला परत जिवंत दिले नाही. असो. हवा व इंधन एवढ्या दोनच गोष्टी या यंत्राला लागतात. म्हणून चालते इंजिन कुरकुरत थांबले, तर दहांत नऊ वेळा इंधनाच्या वाटेवर काही तरी अडले आहे असे खुशाल समजावे, असा मामांचा ठोकताळा.

ती वाटही लांब नाही. तळाशी टाकी. तीतून इंधन शोषून घेणारी नळी. मग तोटी. मग काचेची वाटी असलेला पहिला फिल्टर, ज्यात पाणी व गाळ खाली बसतो. त्यानंतर इंजिनावरचा छोटा पंप, ज्याला हाताने दाबावयाची कळ असते. मग दुसरा, अधिक बारीक फिल्टर. पुढे उच्च दाबाचा पंप. आणि शेवटी इंजेक्टर. उरलेले इंधन परतीच्या नळीने पुन्हा टाकीत जाते.

“बाय, कुठून सुरुवात करशील?” मामांनी विचारले.

“टाकीकडून, मामा.”

तिने तोटी उघडी असल्याचे पाहिले. मग टाकीचे झाकण सैल केले. आत हवा शिरल्याचा फुसकारा झाला असता, तर टाकीची श्वासनळी बंद आहे असे ठरले असते. या नळीच्या तोंडात कुंभारीण माशी मातीचे घर बांधते, आणि मग इंधन जसे कमी होते तशी टाकीत पोकळी होऊन पंपाला ते ओढता येत नाही. येथे फुसकारा झाला नाही. मग तिने विजेरी धरून काचेची वाटी पाहिली. वर मधाच्या रंगाचे डिझेल, तळाशी दोन बोटे स्वच्छ पाणी, आणि दोहोंच्या सीमेवर काळसर, बुळबुळीत साय.

ही साय म्हणजे जिवंत वस्तू. पाणी व डिझेल जेथे एकमेकांना टेकतात तेथे सूक्ष्म जंतू व बुरशी वाढतात. राहणे पाण्यात आणि खाणे डिझेल, असा त्यांचा संसार असतो. पाणी आले कोठून, याचे उत्तर पावसाळ्यात होते. चार महिने नौका बांधून ठेवलेली, टाकी अर्धी रिकामी. त्या रिकाम्या जागेतील दमट हवा रात्री थंड होई व पत्र्याच्या अंगाला दव धरी. ते दव ओघळून तळाशी साचले, कारण पाणी डिझेलहून जड. ऑक्टोबरात वरून नवे इंधन भरले, पण तळ तसाच राहिला. नदीच्या संथ पाण्यात गाळ स्वस्थ बसून होता. बाहेरच्या लाटांनी टाकी ढवळली आणि तो सगळा फिल्टरात येऊन बसला. इंजिन नेमके मुखाबाहेर का थांबले, याचा उलगडा असा झाला. ज्या किल्ल्याखाली गलबते पाण्यासाठी येत, त्याच किल्ल्याखाली आम्ही पाणी काढून टाकण्याच्या खटपटीत होतो.

मुलीने वाटी रिकामी केली, दोन्ही फिल्टर बदलले. जुन्यांचा रंग कोळशासारखा होता. आता राहिले हवा काढण्याचे काम. आमच्याकडे उसाला पाणी देणारे डिझेल पंप ज्यांनी चालविले आहेत, त्यांना हे ठाऊक असेल. डिझेल दाबले जात नाही, हवा दाबली जाते. नळीत हवेचा बुडबुडा राहिला की पंपाचा सारा जोर तो बुडबुडा चेपण्यातच खर्च होतो आणि इंजेक्टर उघडत नाही. म्हणून बारीक फिल्टरावरचा स्क्रू सैल करावयाचा आणि पंपाची कळ हाताने दाबीत राहावयाचे. आधी फेस येतो, मग फेसाळ डिझेल, मग अखंड धार. धार आली की कळ दाबता दाबताच स्क्रू आवळावयाचा. मग हेच उच्च दाबाच्या पंपावर. कळ पोकळ लागली, तर इंजिन अर्धा फेरा फिरवून पुन्हा पाहावे. आतले चाक आड आलेले असते. शेवटी इंजेक्टरच्या नळ्यांचे नट किंचित सैल करून स्टार्टर मारावा व डिझेल ठिबकू लागले की आवळावे. येथे मामांनी तिचा हात धरून मागे घेतला. इंजेक्टरच्या तोंडची धार सुईसारखी कातडी भेदून आत जाते. तिच्यासमोर बोट कधी नेऊ नये.

दुसरी ताकीदही महत्त्वाची. स्टार्टर दहा-पंधरा सेकंदांहून अधिक मारावयाचा नाही. आणि इंजिन सुरू न होता तो वारंवार मारावा लागला, तर समुद्राचे थंड पाणी आत घेणारी तोटी तेवढ्यापुरती बंद करावी. नाही तर ते पाणी धुराच्या नळीत साचत जाते आणि उलटे इंजिनात शिरते. इंजिन लागताक्षणी मात्र तोटी उघडण्यास विसरू नये.

इंजिन लागले. आम्ही टाळ्या वाजविल्या, त्या फार लवकर वाजविल्या. दहा मिनिटांत पुन्हा तोच हेलकावा, आणि पुन्हा शांतता. नांगर अजून उचलला नव्हता हे भाग्य.

“मी म्हणतो, परत फिरू,” स्नेही हलकेच म्हणाले. “खारा वारा आला की शिडांवर आत जाऊ.”

“बाबा, पाच मिनिटे द्या,” मुलगी म्हणाली. तिने काचेची वाटी पाहिली. ती स्वच्छ होती. म्हणजे घाण नव्हे. स्क्रू सैल केला, फेस आला. म्हणजे हवा. पण हवा येते कोठून? नळ्यांना बाहेरून डिझेलचा थेंबही नव्हता. मामा म्हणाले, “पंपाच्या पुढे गळती असली तर डिझेल बाहेर येते, ते दिसते. पंपाच्या मागे शोषण आहे. तिथे डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. ती दिसायची नाही.”

मग तिने वाटेचे दोन तुकडे केले. स्वच्छ डिझेलचा एक कॅन इंजिनाहून उंच, पायरीवर बांधला. त्यातून रबरी नळी थेट पंपाला जोडली. हवा काढली, स्टार्टर मारला. इंजिन एका लयीत चालू लागले व चालत राहिले. याचा अर्थ पंप, बारीक फिल्टर, इंजेक्टर हे सारे निर्दोष. दोष टाकी व पंप यांच्यामध्येच. एका चाचणीने अर्धे इंजिन संशयातून मुक्त झाले. उरलेल्या अर्ध्यात शेवटचा हात कशाला लागला होता? पहिल्या फिल्टराला. तिने तो पुन्हा उघडला, आत बोट फिरविले आणि थांबली. जुनी रबरी कडी वरच्या खाचेत चिकटून राहिली होती. नवी तिच्यावरच बसली होती. दोन कड्यांमधून हवा आत जात होती.

“मामा, हे माझ्याकडून झाले,” ती म्हणाली.

“पुसून घे आणि एकच बसव,” एवढेच मामा बोलले.

ते काम झाले. पण टाकीच्या तळाशी गाळ होताच, आणि सुटे फिल्टर दोनच उरले होते. स्नेही पुन्हा काही बोलणार तोच मुलीने हिशेब मांडला. इंजिन ताशी अडीच लिटर पिते. वीस लिटरचे दोन कॅन आहेत. म्हणजे सोळा तास. मालवण फार तर आठ तास, आणि वाटेत वेंगुर्ल्याला शिरता येते. टाकीची तोटी बंदच ठेवून सारी सफर कॅनवर करावयाची. इतके सांगून ती क्षणभर थबकली आणि म्हणाली, “पण मामा, परतीची नळी टाकीत जाते. तशीच ठेवली तर कॅनमधले डिझेल थोडे थोडे टाकीत जाईल. ती नळीही कॅनमध्येच सोडायला हवी.”

मामांनी स्नेह्यांकडे पाहिले. हे तिला कोणी सांगितले नव्हते. स्नेही उठले, आणि काही न बोलता नांगराच्या दोरावर जाऊन बसले.

नऊच्या सुमारास नांगर उचलला. हरमल, तेरेखोलचा किल्ला, रेडी मागे पडले. शिरोडे आले तेव्हा भाऊसाहेब खांडेकरांची आठवण झाली. १९२० ते १९३८ या काळात ते येथे शिक्षक होते. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहातले शिरोडे ते हेच. वेंगुर्ल्याबाहेरचे दीपगृहाचे खडक डाव्या हाताला दूर राहिले. तेथील कपारींतून पाकोळ्या घरटी करतात. दुपारी खारा वारा आला तो नेमका समोरून, आणि इंजिनाखेरीज तासाला दोन मैलही हाती लागले नसते. निवतीपाशी कॅन बदलला. मालवणचे बंदर खडकांनी भरलेले आहे. पाण्याखालचे दात ठाऊक असलेल्या माणसावाचून तेथे शिरू नये. एका ओळखीच्या मच्छीमार होडीच्या मागोमाग मुलीने नौका आत घेतली तेव्हा सूर्य सिंधुदुर्गाच्या तटामागे जात होता.

१६६४ साली शिवाजीमहाराजांनी कुरटे बेटावर या दुर्गाचा पाया घातला आणि १६६७ मध्ये तो पुरा झाला. भोवती खारा समुद्र असताना आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. जहाज कितीही बळकट असो, ते जमिनीवरून काय भरून घेते यावर त्याचे आयुष्य अवलंबून असते. पूर्वी ते पाणी असे. आता त्यात इंधनाची भर पडली आहे.

या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, आणि पावसाळ्यात नौका बांधून ठेवाव्याच लागतात. ज्या वाचकांचा अशा इंजिनांशी संबंध येतो, मग ते नौकेवरचे असो वा शेतावरचे, त्यांच्यासाठी मामांचा सांगावा थोडक्यात देतो. पावसाळ्यापूर्वी टाकी भरून ठेवावी, म्हणजे दव धरावयास जागा उरत नाही. जंतुनाशक घालावे. मोसम सुरू होताना आधी तळाचे पाणी काढावे, मग नवे इंधन भरावे. फिल्टर बदलताना जुनी कडी मोजून बाहेर काढावी. आणि दोन सुटे फिल्टर व एक स्वच्छ कॅन कायम जवळ असावा.

मुलीने एकटीने मालवणला जावे की नाही, हे त्या घरात अजून ठरलेले नाही. आईचे म्हणणे पूर्वीप्रमाणेच आहे. वडिलांनी मात्र परवाच कळविले, की टाकी रिकामी करून तिने आतून हाताने पुसून काढली, आणि मेअखेरीस ती काठोकाठ भरली आहे.